मोकळी खाच

“तिला का?”

दस्तगीर वस्तादांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली.

“वस्ताद, मी विचारतेय. तिला का?”

“चहा घेतलास?”

“चहाचं नंतर बघू. मशीन तिला का?”

म्हाताऱ्या माणसांना सरळ प्रश्न विचारला की ती आधी चष्मा शोधतात. वस्तादांचा चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. तरी त्यांनी टेबलावर, खिशात, वर्तमानपत्राखाली हात फिरवला. शर्वाणी समोर उभी होती. तिने चष्मा दाखवला नाही.

“कपाळावर हाय,” वस्ताद स्वतःच म्हणाले. “बोल.”

“बोलले. तुम्हीच बोला आता.”

वस्तादांचं वर्कशॉप कोल्हापूरच्या एमआयडीसीत. शाफ्ट करायचं काम. पंपांचे, पिठाच्या चक्क्यांचे, आणि ऊस सुरू झाला की गुऱ्हाळांच्या चरकांचे. साधे लेथ बरेच, पण संगणकावर चालणारं मशीन एकच. त्या मशीनवर शर्वाणी मगदूम आणि हेमांगी खोत आलटून पालटून काम करत. दोघी एकाच कॉलेजातल्या, एकाच बाकावरच्या. दोघी इंजिनिअर. नोकरीला लागल्या तीही एकाच दिवशी, एकाच स्कूटरवरून.

आज सकाळी वस्तादांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सोमवारपासून मशीन हेमांगीच्या हाती. कायमचं. शर्वाणीने तपासणीचं टेबल बघायचं.

“माझे मार्क जास्त होते,” शर्वाणी म्हणाली.

“असतील की.”

“माझा हात तिच्यापेक्षा जलद आहे.”

“हाय.”

“मी बाई म्हणून दिलं नाही म्हणाला असतात, तर भांडले तरी असते. पण तीही बाईच आहे!”

“ते माझ्या ध्यानात आलंय,” वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी चहाचा भुरका मारला.

तो भुरका शर्वाणीला सहन झाला नाही.

“तिच्या हाताला कान आहेत, असं तुम्ही म्हणाला होतात. आठवतंय? पावसाळ्यात. सगळ्यांसमोर.”

“म्हणालो असेन.”

“माझ्या हाताला काय आहे?”

वस्तादांनी तिच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ.

“घाई.”

…

भांडण खरं तर कालचं होतं.

शाफ्टावर चाक बसतं. चाकाने शाफ्टाबरोबर फिरावं, नुसतं घसरू नये, म्हणून दोघांच्या मध्ये चावी घालतात. चावी म्हणजे पोलादाचा चौकोनी तुकडा. तिचं निम्मं अंग शाफ्टात, निम्मं चाकात. ती बसायला शाफ्टात खाच मारावी लागते. खाच सैल झाली तर चावी आत हलते, आणि हलणारी चावी आपलंच घर खाते.

मशीन चांगलं होतं, पण त्यात एक उणीव होती. त्याचा कटर शाफ्टाच्या लांबीने पुढे-मागे जायचा. शाफ्टाच्या मध्याकडे आत-बाहेर जायचा. शाफ्ट स्वतःभोवती हवा तेवढा फिरायचा. पण कटरला बाजूला सरकता येत नव्हतं. केसभरही नाही. त्यामुळे कटर जेवढा जाड, तेवढीच खाच रुंद. कटर झिजून बारीक झाला की खाच अरुंद पडणार. तिथे हुशारी चालत नाही.

काल नेमगोंडा पाटील शिरोळहून आपल्या चरकाचा नवा शाफ्ट घेऊन आले. मशीनवर हेमांगी होती. तिने कटर मोजला, पुन्हा पुसून मोजला, आणि म्हणाली, “आज नाही होणार. कटर झिजलाय. नवा उद्या सकाळच्या एसटीने येतोय.”

“उद्या?” नेमगोंडा ओरडले. “अहो बाई, गुळाची काहील चुलवाणावर चढलीया! गुळव्या बसलाय तंबाखू मळत!”

“तरी नाही होणार.”

तेवढ्यात शर्वाणी पुढे झाली.

“मी करते. तू हो बाजूला.”

आणि तिने केली. जेवायच्या सुट्टीआधी. माप लावून दाखवलं, रुंदी बरोबर. नेमगोंडा म्हणाले, “वाघीण हाय ही!” तिथल्या तिथे शाफ्ट टेम्पोत टाकायला ते निघाले होते, पण वस्तादांनी तो फडक्यात गुंडाळून स्वतःच्या टेबलाखाली ठेवला.

“उद्या दुपारी न्या, पाटील. मी एकदा बघतो.”

हेमांगी शर्वाणीजवळ आली होती. “मस्त केलंस गं. कसं केलंस?”

“केलं.”

“पण कसं?”

“केलं म्हटलं ना.”

…

“काम मी केलं,” शर्वाणी आता वस्तादांना म्हणाली. “तिने नाही म्हटलं. नाही म्हणणारीला मशीन, आणि करणारीला तपासणीचं टेबल. हा कुठला न्याय?”

“माझा.”

“वस्ताद, कोडी नकोत. तुमच्या पिढीला कोडी घालायला वेळ आहे. मला नाही.”

वस्तादांनी बशी खाली ठेवली. टेबलाखालून फडक्यातला शाफ्ट काढला. शाफ्ट जड होता. ते वाकले तेव्हा शर्वाणीचा हात आपोआप पुढे गेला, आणि तिने तो मागे घेतला.

त्यांनी शाफ्ट टेबलावर ठेवला, खाच वर करून. खणातून नवी चावी काढली. तेलाचं बोट फिरवलं. अंगठ्याने चावी खाचेत दाबली.

चावी बसली.

“बघा,” शर्वाणी म्हणाली.

वस्तादांनी चावीच्या एका कडेवर बोट टेकवलं.

टक.

दुसऱ्या कडेवर टेकवलं.

टक.

मग ते मान वाकवून, डोळे मिटून, सतारवाल्यासारखे ते दोन आवाज ऐकत बसले. टक… टक… टक… टक…

“बास करा,” शर्वाणी म्हणाली. “मला माहीत आहे.”

वस्तादांनी डोळे उघडले.

“काय माहीत हाय?”

“चावी हलते ते.”

“आत्ता कळलं?”

“काल. खाच मारायच्या आधी.” ती भराभर बोलू लागली. “कटर बारीक होता. बाजूला सरकत नाही. म्हणून मी कटर जागेवर ठेवला आणि शाफ्टच फिरवला. जरासा इकडे, एक वेळ मारली. जरासा तिकडे, परत मारली. रुंदी मिळाली. पण शाफ्ट फिरवला की खाचेच्या भिंती सरळ राहत नाहीत, बाहेर झुकतात. आणि तळ सपाट येत नाही, मधोमध उंचवटा राहतो. चावी त्या उंचवट्यावर डुलते. मी हिशेब केला होता. डोळ्याला दिसणार नाही इतकं आहे ते.”

“व्हय. दिसत न्हाई.”

“एखादा हंगाम निघाला असता.”

“निघाला असता. नंतर?”

“नंतर… नंतर दुरुस्तीला आपल्याकडेच आला असता.”

“हे पाटलाला सांगितलंस?”

“नाही.”

“मला?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“हेमांगीनं विचारलं हुतं.”

शर्वाणीने बोटाला लागलेलं तेल फडक्याला पुसलं.

“काय सांगितलंस तिला?”

“केलं म्हणाले.”

बाहेर ग्राइंडर सुरू झाला आणि थांबला.

“खाच मारताना नजर कुठं हुती तुझी?”

“कुठे असणार? कटरवर.”

वस्तादांनी फक्त मान वळवली. मशीनच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या पिंपापाशी हेमांगी काल हाताची घडी घालून उभी होती. तिथे आता कुणी नव्हतं. वस्ताद त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

…

“तिच्याकडे,” शर्वाणी म्हणाली. “ती बघतेय का, ते बघत होते.”

“बघत हुती?”

“हो.”

“मग?”

“मग काय? बरं वाटलं.”

हे बोलताना तिचा आवाज इतका चढला, की बाहेरच्या टपरीवरचा चहावालाही ऐकू शकला असता. वस्तादांनी हाताने खाली, खाली अशी खूण केली. त्यामुळे तो आणखी चढला.

“आणि तुम्ही मला शिकवू नका! आमच्यात हे लावलं कुणी? तुम्ही! ‘हेमांगी, तू बघ. शर्वाणी, बघ ही कशी करते. हिच्या हाताला कान, तिचं डोकं जलद.’ कोंबडे झुंजवता तसं झुंजवलंत आम्हाला. आम्ही एका डब्यात जेवायचो, वस्ताद. आता ती तिकडे तोंड करून जेवते, मी इकडे.”

वस्तादांचा हात खाली आला.

“खरं हाय.”

शर्वाणी पुढचं वाक्य तयार ठेवून होती. ते तसंच राहिलं.

“दोन पठ्ठे हाताखाली आले की जोड लावून बघायची खोड लागते,” वस्ताद म्हणाले. “मजा येते. वाईट खोड हाय. ती माझी चूक.”

म्हातारी माणसं चूक कबूल करतात तेव्हा आणखीच अडचण होते. भांडायला जागा उरत नाही.

“मग दुसरं मशीन तरी घ्या,” ती म्हणाली. “बाजूला सरकणारं. सगळं जग घेतंय. मग हा खटाटोपच नको. ती एकावर, मी एकावर.”

“घेऊ.”

“कधी?”

“तू आधी एक सांग. आपल्या या मशीनची खाच कधी मध्य सोडून पडलीया?”

“नाही.”

“एकदा तरी?”

“पडूच शकत नाही. ती कशी पडेल? कटरला बाजूला जाताच येत नाही ना. तो येतो तो थेट मध्यावरच…”

ती थांबली.

वस्ताद चष्मा पुसत होते. ते हसत नव्हते, हे शर्वाणीने तपासून पाहिलं. हसले असते तर ती निघून गेली असती.

“कळलं,” ती म्हणाली. “म्हणजे हेमांगी इकडे-तिकडे बघत नाही. सरळ स्वभावाची. देवमाणूस. आणि मी अशी. म्हणून मशीन तिला. एवढंच ना? हे सकाळीच सांगायचं होतं, माझा चहा तरी गार झाला नसता.”

“तू चहा घेतलाच न्हाईस.”

“वस्ताद!”

“आणि ती?” वस्ताद आता मात्र हसले. इतके, की त्यांना ठसका लागला. “ती बघत न्हाई? अगं, ती तर निस्ती तुझ्याकडंच बघते! आज शटर उघडायच्या आधी दारात उभी. तोंड एवढंसं झालेलं. मला म्हणते, वस्ताद, मला शरूचं बघवत नाही.”

शर्वाणी एक पाऊल पुढे आली.

“काय म्हणाली?”

“बघवत नाही म्हणाली. ‘तिला सगळं चटकन जमतं. मी नाही म्हटलं आणि तिने करून दाखवलं. शाफ्ट वाया जावा असं मला काल मनापासून वाटलं. मी वाईट आहे का?’ असं विचारत हुती. रडत हुती.”

“हेमा रडली?”

“माझ्या फडक्याला तोंड पुसलं तिनं. ऑइलचं फडकं. सगळ्या गालाला काळं.”

शर्वाणीला आधी आनंद झाला. खरा, पोटातून वर येणारा. हेमाला माझा हेवा वाटतो. कॉलेजातल्या त्या शांत, नीट वेणी घातलेल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या हेमाला. माझा.

तो आनंद तोंडावर यायच्या आत लपवायला ती वळली. पण वस्तादांनी चष्मा लावलेला होता.

“गोड लागलं?”

तिचे कान तापले होते.

“म्हणजे आम्ही दोघी सारख्याच,” ती शेवटी म्हणाली. भिंतीकडे तोंड करून.

“सारख्याच.”

“तिचंही बाजूला लक्ष. माझंही.”

“व्हय.”

“मग तिला का?”

वस्तादांनी चावी खाचेतून उपसून काढली आणि टेबलावर ठेवली.

“तिचं तोंडातनं बाहेर पडलं,” ते म्हणाले. “तुझं शाफ्टात उतरलं.”

…

बाहेर टेम्पो थांबला. नेमगोंडा पाटलांचा आवाज टेम्पोच्या आधी आत आला.

“वस्ताद! शाफ्ट द्या! गुळव्याची तंबाखू संपली, आता तो मला शिव्या द्यायला लागलाय!”

वस्तादांनी शाफ्ट पुन्हा फडक्यात गुंडाळला. चावी त्यात खोचली. आणि ते गाठोडं त्यांनी शर्वाणीच्या हातात दिलं.

“मी देऊ?”

“काम तुझं हाय.”

“आणि काय सांगू?”

वस्ताद त्यांची जाळीची पांढरी टोपी शोधू लागले. जुम्म्याचा दिवस होता, नमाजाला जायचं होतं. टोपीही त्यांना पटकन सापडत नसे.

शर्वाणी बाहेर आली. शाफ्ट दोन्ही हातांवर, बाळासारखा आडवा.

“आली वाघीण!” नेमगोंडा म्हणाले. मग आजूबाजूच्या लेथांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, “ह्याला म्हणतात इंजिनिअर! ती दुसरी बाई काल मला म्हणती, होणार न्हाई. ह्या पोरीनं चहा निवायच्या आत करून दिलं. नाही म्हणायला काय अक्कल लागती व्हय?”

ती दुसरी बाई तिथेच होती. हेमांगी. सकाळच्या एसटीने आलेल्या पार्सलचा पुठ्ठा फोडून, नवा कटर हातात घेऊन मशीनपाशी उभी. तिच्या गालावर कानाजवळ अजून काळं लागलेलं होतं.

तिने नेमगोंडांचं बोलणं ऐकलं. कटरची धार अंगठ्याच्या नखावर बघू लागली.

हेच तर शर्वाणीला ऐकायचं होतं. पावसाळ्यापासून. सगळ्यांसमोर, हेमासमोर, मोठ्याने. कुणीतरी म्हणावं, ही त्या दुसरीपेक्षा भारी.

आता म्हणून झालं होतं.

नेमगोंडांनी शाफ्ट घ्यायला हात पुढे केले.

शर्वाणीने दिला नाही.

“द्या की.”

“पाटील… थांबा जरा.”

“आता काय?”

“हा न्यायचा नाही. चावी हलते.”

“कुठं हलती? काल तर माप लावून दावलंस!”

“माप बरोबर होतं. काम खोटं होतं.”

नेमगोंडांनी वस्तादांच्या केबिनकडे पाहिलं. वस्ताद दारात येऊन टोपी घालत होते. त्यांनी पाटलांकडे पाहिलंच नाही.

“मला कळंना,” नेमगोंडा म्हणाले. “कोण खोटं? तू का मशीन?”

“मी. मला ठाऊक होतं, तरी केलं.”

“कशापायी?”

मशीनपाशी हेमांगीने कटरवरून नजर वर उचलली होती.

“ही नाही म्हणाली होती,” शर्वाणी म्हणाली. “म्हणून.”

लेथ चालत होते, पण कामं करणारे थांबले होते. नेमगोंडांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांच्या घरात सुना होत्या, भावजया होत्या. त्यांना फार सांगावं लागलं नाही.

“अरे देवा,” ते म्हणाले, आणि ऑइलच्या पिंपावर बसले. “हितं पण तेच. माझ्या चरकाला मधी कशाला घातलंसा गं?”

कुणीतरी हसलं. नेमगोंडा त्याच्यावर ओरडले. मग म्हणाले, “आता कवा व्हायचा?”

“आत्ता. नवा कटर आलाय,” शर्वाणी म्हणाली. “ही मारेल.”

…

“तूच मार की, शरू,” हेमांगी म्हणाली. “तुझं काम आहे.”

“नको. मशीन तुझं आहे.”

ते वाक्य शर्वाणीला साधं म्हणायचं होतं. पण ते वाकडं बाहेर आलं. दोघींनाही ऐकू आलं.

“सोमवारपासून,” हेमांगी म्हणाली. “आज शुक्रवार आहे.”

“हेमे, मार आता. पाटील मला चरकात घालतील.”

हेमांगीने नवा कटर बसवला. शर्वाणीने शाफ्ट मशीनच्या जबड्यात धरला. दोघींचे हात एकमेकींच्या मधून जात-येत होते, कॉलेजच्या लॅबमध्ये जात तसे.

“नवा शाफ्ट घ्यायचा?” हेमांगीने विचारलं.

“एवढ्या जाडीचा माल नाही आपल्याकडे. याचीच दुसरी बाजू घे. अर्धा फिरव. शाफ्ट भक्कम आहे, दोन खाचा सोसेल.”

“वस्ताद?”

वस्तादांनी दारातून मान हलवली.

हेमांगीने शाफ्ट अर्धा फिरवला. जुनी खाच खाली गेली, दिसेनाशी झाली. वर कोरं पोलाद आलं.

“काल शाफ्ट फिरवून केलंस ना?” तिने हळूच विचारलं.

“तुला कळलं होतं?”

“वाटलं होतं. मीही तोच विचार केला होता, काल उभी असताना. पण भिंती तिरक्या येतील म्हणून हिंमत झाली नाही.”

“मी केलं ती काय हिंमत नव्हती.”

हेमांगी हसली नाही. पण तिने बटण दाबायच्या आधी शर्वाणीला कोपराने जरा बाजूला सारलं. पूर्वी सारायची तसं.

कटर उतरला. कटर गार ठेवणारं पांढरं पाणी सुटलं, पोलादाचे कपचे उडू लागले. कटर सरळ मध्यावर आला आणि सरळ पुढे गेला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

शर्वाणीला अजून बघवत नव्हतं. हे तिने स्वतःशी मान्य केलं. हेमांगीची बोटं त्या बटणांवरून फिरताना पाहून तिला ते सलत होतं, काल सलत होतं तेवढंच. जराही कमी झालं नव्हतं.

मशीन थांबलं.

“चावी,” हेमांगी म्हणाली.

शर्वाणीने चावी पुसली, तेल लावलं, खाचेत ठेवली. अंगठ्याने दाबली. बसली नाही. लाकडी हातोडीने एक हलकी टप. बसली.

तिने एका कडेवर बोट टेकवलं.

काही नाही.

दुसऱ्या कडेवर.

काही नाही.

तिने कान लावला. पुन्हा दोन्ही कडा दाबल्या.

“हलत नाही,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मोठ्याने, “पाटील, हलत नाही. हेमाने मारलीय. न्या.”

नेमगोंडा पिंपावरून उठले. त्यांनी शाफ्ट हातात घेतला, उजेडाकडे धरून गोल फिरवला. मागची बाजू वर आली.

“हे काय? एकीवर एक फुकट?”

जुनी खाच. नवी असल्यासारखी चकाकत होती. माहीत नसणाऱ्याला ती चांगलीच दिसली असती.

शर्वाणीचं तोंड उतरलं. हा शाफ्ट शिरोळला जाणार. चरकात बसणार. तिथला फिटर बघेल, गुळव्या बघेल, पुढच्या वर्षी दुरुस्ती करणारा कुणी बघेल, आणि विचारेल, ही दुसरी खाच कुणी मारली?

ती वस्तादांपाशी गेली. वस्ताद पायात चप्पल सरकवत होते.

“वस्ताद, पाटलांना जरा बसवा. ती जुनी भरून टाकते. वेल्डिंग मारते, वरून घासून देते. दिसणारसुद्धा नाही.”

“भरू नको.”

“का?”

“वेल्डिंगच्या आचेनं शाफ्ट वाकतो.”

“मग अशीच राहू द्यायची? सगळ्यांना दिसेल.”

“दिसू दे.”

“कायमची?”

वस्तादांनी टोपी नीट केली. बाहेर उन्हात पाऊल टाकलं, आणि मागे वळून म्हणाले…

“खाच हाय तर असू दे. तिच्यात चावी बसवू नको, झालं.”